अर्धी बांधी

धानाच्या पऱ्ह्याची पेंढी सोडून देवीदास बांध घातलेल्या बांधीच्या चिखलात रोपं खोवत होता, तेव्हा त्याचा साळा संघदीप कडेच्या धुऱ्यावर येऊन उभा राहिला. पायात चप्पल नव्हती.

“तायची बांधी काऊन रोवून राहिले, भाऊजी?”

“पऱ्हे जून होऊन राहिले. तुह्या बहिणीसाठी रोवणा थांबत नाही.”

संघदीप म्हणाला, “तायचं यान खाली येता येता जळालं. चारही जण गेले. टीवीवर सांगून राहिले.”

रोवणाऱ्या बाया उभ्या राहिल्या. त्यांच्यातल्या नंदाबाईनं बांधीतल्याच पाण्यात हात धुतले आणि ती बाहेर निघाली. देवीदासनं हातातली उरलेली रोपं खोवली, मगच अर्धी बांधी तशीच सोडून तो उठला.

सौंदडच्या शाळेत तो आणि त्याची बायको अल्का एका वर्गात होते. तो धानाच्या शेतीत राहिला. ती हवाई दलात गेली, लढाऊ विमानं उडवली आणि पुढं अवकाशात पाच दिवस राहून आली. या भागातून तिथवर गेलेली ती पहिलीच बाई. तरी दर रोवण्याला ती सुट्टी काढून यायची आणि सडकेजवळची एक बांधी एकटी रोवायची. तिथं दुसऱ्याचा हात लागू देत नसे.

यंदा दुसऱ्या उड्डाणाआधी तिनं फोन केला होता. “माही बांधी ठेवजो. उतरली का येतोच.”

“मी तुहा नवरा आहो, गडी नाही,” असं म्हणून त्यानं फोन कापला. त्यानंतर तो दोनदा वाजला. त्यानं उचलला नाही.

सातव्या दिवशी अंगणात जलदान विधी झाला. देह नव्हता, फोटो होता. वंदना संपली तसा सरपंच भोजराज खुर्ची ओढून जवळ आला.

“देवीदास, ते सडकेजवळची बांधी दे. अल्काताईचा पुतळा बसवू. गावाचं नाव होईल.”

“ते ट्रेनिंगले गेली तवा तू चौकात काय म्हनलं होतं? बायको आभाळात, नवरा चुलीत.”

“मजाक होती, बापा.”

“हासले तर सारे होते.”

मागून संघदीप बोलला, “पण भोजराजनं तिचा फोन नाही कापला, भाऊजी. जायच्या आधी रडली ते माह्याजवळ.”

देवीदासच्या हातातला पेला कलंडला, पाणी धोतरावर सांडलं. त्यानं ते पुसलं नाही.

“बांधी भेटणार नाही,” तो म्हणाला. “रोवणा बाकी हाये.”

“पऱ्ह्याले गाठी आल्या. आता कायचा रोवणा?” भोजराज म्हणाला.

देवीदास उठून घरात गेला.

दुसऱ्या दिवशी नंदाबाई बाया घेऊन आली. पैसे नको, अर्ध्या दिवसाचं काम आहे, म्हणाली. त्यानं तिला धुऱ्यावरूनच परत पाठवलं.

आता पोळा होऊन गेला. त्या बांधीत देवीदासनं रोवलेलं धान गुडघ्याच्या वर आलं आहे, सडकेवरून जाणाऱ्या येणाऱ्याला दिसतं. त्याच्या पुढं नुसतं पाणी आहे. अल्काची अर्धी बांधी रोवायची राहिली आहे.