बाद ठरलेल्या तारा

मायक्रॉन हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. कारखान्यात तीस वर्षं मालाची तपासणी करताना त्यांनी केसभर फरकापायी इतका माल बाद ठरवला, की निरोपसमारंभात सगळ्यात जोरात टाळ्या कामगारांनी वाजवल्या.

असा माणूस चुकतो तेव्हा बिनचूक चुकतो. दाजी गेले, त्यांची बेस गिटार ताईच्या खोलीत कोपरा अडवून उभी राहिली. "वाजवणारा गेला, आता ही अडगळ कशाला?" म्हणत मायक्रॉननीच ती जुन्या वाद्यांच्या दुकानात पोचवली. ताई हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. पुढे तिनं एकूण बोलणंच कमी केलं. त्याचा अर्थ मायक्रॉनच्या ध्यानात यायला दोन वर्षं लागली. तपासनिसाच्या मानाने जरा उशीरच.

गिटार अजून दुकानातच होती.

"बेस कोण घेतो, काका?" दुकानदार म्हणाला. "सगळ्यांना पुढे उभं राहायचं असतं."

मायक्रॉननी ती परत आणली. तारा काळवंडलेल्या. ताईपुढे न्यायची तर वस्तू चोख हवी. मायक्रोमीटर निघाला. बारीक तार एक पूर्णांक चौदा मिलिमीटर, जाड तार दोन पूर्णांक सदुसष्ट. मधल्या दोन्हींचीही नोंद झाली. त्या आकड्यांवर नवा संच आला. जुन्या तारा सैल करून त्यांनी पकडीने एकेकीचे दोन तुकडे केले, पिशवीत भरले आणि हाताच्या सवयीने वर लाल चिठ्ठी डकवली : बाद.

बायकोनं एक तुकडा चाचपला. "ही गुळगुळीत आहे हो. नवीन तर कानशीसारखी लागते."

"जाडी तीच आहे."

"जाडी असेल, पण..."

"मोजलंय मी."

तिनं तुकडा पिशवीत ठेवला. पस्तीस वर्षांचा संसार तिनं असाच मापात ठेवला होता.

ताईकडे त्यांनी छोटा स्पीकर जोडला आणि जाड तार छेडली. पितळी ताट फरशीवर पडावं तसा खणखणाट झाला. ताई डोळे मिटून ऐकत होती. ते उघडायलाच ती तयार होईना.

"छान आहे," ती शेवटी म्हणाली. "पण ह्यांची अशी नव्हती वाजत. भिंतीपलीकडून कुणी नुसतं 'हूं' म्हणावं, तशी वाजायची."

तेव्हा मायक्रॉनना उमगलं. जुन्या तारांवर सपाट पट्टीचं वेष्टण होतं, नव्यांवर गोल तारेचं. जाडी दोन्हींची एकच. मायक्रोमीटरला जे दिसलं नाही ते बायकोच्या बोटांना कळलं होतं. आणि तारा कापण्याआधी एकदा, फक्त एकदा गिटार वाजवून बघावी, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"सपाट वेष्टणाच्या मिळतात, ताई. उद्या आणतो."

"आण." मग नव्या तारेवर बोट ठेवून, "ह्यांच्या बोटांखालच्या कुठायत?"

खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्यांनी, परतताना भंगारात द्यायला बरोबर घेतलेली पिशवी पुढे केली. ताईनं चिठ्ठी वाचली, नखानं अलगद सोडवली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

"ही तुझी."

मग तिनं आठ तुकडे मांडीवर ओतले आणि चष्म्याशिवाय, नुसत्या बोटांनी जोड्या लावत गेली : जाडाशी जाड, बारकाशी बारीक. मायक्रॉन चिठ्ठी मुठीत धरून बघत राहिले. एकही जोडी चुकली नाही.