पाद्रीबाबांची घडीची खाट

मी एक जुनी घडीची खाट आहे. दोन लांब दांडे, त्यांवर ताणलेले जाड कॅनव्हास आणि खाली कात्रीसारखे उघडणारे पाय, एवढाच माझा संसार. सध्या मी मिशनच्या कोठीत चुन्याच्या पोत्यांखाली पडून आहे. पण मित्रांनो, एकदा एका माणसाचा जीव माझ्या अंगावर अक्षरशः टांगणीला लागला होता. ती हकिगत तुम्हांला सांगते.

एका सुताराने माझे दांडे तासले आणि तंबू शिवणाऱ्या त्याच्या बायकोने माझे कापड दुहेरी टाक्यांनी शिवले. मला विकत घेतले ते पाद्रीबाबांच्या थोरल्या बहिणीने. भावाची पाठ दुखरी आणि दरवर्षी जंगलापलीकडच्या वस्तीवर जायची त्याची हौस दांडगी. तिथे मिशनचा लहानसा दवाखाना होता, एक नर्सबाई होत्या आणि प्रार्थनेला जमणारी दोन-चार घरे होती. पाद्रीबाबा म्हणाले, जंगलात हा राजेशाही थाट शोभत नाही. ताईंनी वाद घातला नाही. त्यांनी मला मुकाट्याने सामानावर बांधून टाकले.

वाटेत तिघे होते. पुढे वाटाड्या. सगळे त्यांना काका म्हणत. ते वयस्कर होते, मोजके बोलत आणि देवाधर्माच्या वाटेला फारसे जात नसत. मागे आचारी. त्याची जीभ त्याच्या पळीपेक्षा जास्त चाले. मधे पाद्रीबाबा. पहिल्या मुक्कामाला ते माझ्यावर आडवे झाले, पण फांदी मोडल्याचा आवाज आला तरी ताडकन उठून बसत. रविवारी ‘भिऊ नका’ असा उपदेश करणारा हा माणूस! त्यांच्या पाठीचा घाम माझ्या कापडाला लागत होता, म्हणून मला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका एका खडकाला वळसा घालून पुढे गेले आणि पिलांसह बसलेल्या अस्वलिणीच्या समोरच आले. आचाऱ्याने पातेले बडवून बडवून तिला पळवले, पण तोवर काकांची मांडी आणि खांदा फाटून निघाला होता. पाद्रीबाबांनी औषध लावले, स्वतःच्या धोतराच्या पट्ट्या फाडून जखमा बांधल्या. रक्त थांबेना. मागे फिरावे तर फार लांब. पुढे वस्ती जवळ, पण पाद्रीबाबा दरवर्षी काकांच्या मागोमागच चालत आलेले; वाट ठाऊक होती ती एकट्या काकांनाच.

पाद्रीबाबांनी माझे पाय काढून टाकले. काकांना माझ्यावर निजवले. पुढचे दांडे पाद्रीबाबांनी धरले, मागचे आचाऱ्याने.

थोडे चालतात न चालतात तोच काका कण्हत म्हणाले, “बाबा, मला वाट कळेना. पडल्या पडल्या नुसते झाडांचे शेंडे दिसतात. खाली काय आहे ते सांगत चला.”

मग पाद्रीबाबा सांगू लागले. डावीकडे वारूळ आहे. पुढे आडवे पडलेले झाड आहे, त्यावर शेवाळ आहे. आणि डोळे मिटलेले काका सांगत, वारूळ पाठीशी ठेवा, झाडाला वळसा नको, ओलांडून जा. अशी ती वाट एकाच्या डोळ्यांनी आणि दुसऱ्याच्या आठवणीने सरकत होती. माझे कापड भिजून जड झाले. दांड्याजवळची शिवण करकरू लागली. मी जीव मुठीत धरून प्रत्येक टाका आवळत होते.

मधेच पाद्रीबाबा गप्प झाले. त्यांचे ओठ हलत होते.

“तुमच्या देवाशी मग बोला,” काका म्हणाले. “आधी मला सांगा, पुढे काय दिसतंय?”

“देवाशी बोलतोच आहे, काका. पायवाट ओढ्यात उतरतेय.”

“भ्यालात?”

“भ्यालोय,” पाद्रीबाबा म्हणाले. “आणि तो सोबत आहे, हेही वाटतंय. दोन्ही एकदमच.”

ओढ्यापलीकडे वाटेला दोन फाटे फुटले. पाद्रीबाबांनी दोन्ही वाटांचे वर्णन केले, पुन्हा केले, पण उत्तर आले नाही. काकांची शुद्ध हरपली होती. आचारी मटकन खाली बसला आणि रडू लागला. चुकीच्या फाट्याला लागलो तर संपलेच, हे दोघांनाही कळत होते.

पाद्रीबाबांनी आभाळाकडे पाहिले. कुठलीही खूण झाली नाही. आभाळ होते तसेच होते. मग त्यांनी काकांचा हात हातात घेतला आणि, कदाचित ती शांतता सोसवेना म्हणून, आईने शिकवलेले एक गीत ते गाऊ लागले. गाणे कसले, भसाडा आरडाओरडाच तो! घसा बसला तरी थांबेनात. आचाऱ्यानेही रडता रडता सूर मिसळला.

उजवीकडच्या झाडीतून माणसे धावत आली. वस्तीतले लाकूडतोडे होते. कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडते आहे असे त्यांना वाटले होते. त्यांनी मला खांद्यावर घेतले. दांडे धरून आखडलेली पाद्रीबाबांची बोटे कितीतरी वेळ सरळ होईनात.

नर्सबाईंनी काकांना वाचवले. पाय मात्र थोडा आखडला. आचारी पुढे सगळ्यांना सांगे, बाबांचं गाणं ऐकून मेलेलाही उठून पळाला असता. पाद्रीबाबा म्हणत, देवाने ऐकलं. काका म्हणत, लाकूडतोड्यांनी ऐकलं. यावर दोघांचे कधी एकमत झाले नाही, पण त्यानंतरही जंगलात जाताना दोघांनी एकमेकांची सोबत सोडली नाही.

वस्तीवरच्या पाणवठ्यावर पाद्रीबाबांनी मला स्वतः धुतले, सावलीत वाळवले, सैल झालेली शिवण पुन्हा घातली. त्यानंतर कितीतरी आजारी माणसे, अडलेल्या बायका मी दवाखान्यापर्यंत पोचवल्या. लोक मला हात लावून पाहत. मग पाद्रीबाबांची बदली झाली, नवे चकचकीत स्ट्रेचर आले आणि मला कोठीत टाकले, तेही न वाळवताच. आता माझ्या कापडाला बुरशी लागली आहे आणि एका दांड्यात वाळवी शिरली आहे.

मित्रांनो, मला मखरात बसवू नका. फक्त उन्हात काढा, झटका, एखादा टाका घाला. कुणाला कधी उचलून न्यावे लागेल, ते सांगून येत नाही. आणि ज्या दिवशी ती वेळ येते, त्या दिवशी शिवायला सवड नसते.