पाटीवरचं तिसरं नाव

पितळी पाट्यांच्या त्या कारखान्यातलं सगळ्यात घाण काम धाकट्या सुनेच्या वाट्याला. फेरिक क्लोराइड तयार मिळतं, पण विकत आणायचं म्हटलं की थोरल्या दिरांच्या पोटात दुखायचं. मग ही मागच्या शेडमध्ये भंगारातले खिळे हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळवायची. हिरवट पाणी व्हायचं. त्यात बेताबेताने हायड्रोजन पेरॉक्साइड सोडलं की ते फसफसून तापायचं आणि काढ्यासारखं तपकिरी व्हायचं. जरा घाई केली की अंगावर उडायचं.

हे पाणी पितळ खातं, काळ्या रंगाला शिवत नाही. म्हणून पत्रा रंगाने झाकायचा, अक्षरं कोरून उघडी करायची आणि बुडवायचा. उघडं तेवढं खोल जातं. कोरणारीही तीच. अख्ख्या बाजाराची नावं तिच्या हातची, तिचं मात्र कुठेच नाही.

कारखान्याची नवी पाटी करायची ठरली तेव्हा ती म्हणाली, "तुम्हा दोघा भावांच्या नावांखाली माझंही नाव येईल."

"बाईचं नाव लग्नपत्रिकेत छापलं की झालं," थोरले हसले.

"मग उद्यापासून खिळेही तुम्हीच विरघळवा, भाऊजी."

थोरल्यांचं तोंड एवढंसं झालं. नवरा मध्ये पडला, "असू दे ना दादा, एक ओळ तर आहे." लग्नानंतर पहिल्यांदाच तिला वाटलं, याला कणा आहे.

तिने तीन ओळी कोरल्या. "तू जेवून घे, मी बुडवतो," नवरा म्हणाला.

परत येऊन तिने पत्रा धुतला, थिनरने रंग पुसला. दोन नावं खोल उतरलेली. तिसऱ्या जागी गुळगुळीत पितळ.

"भाऊजी, रंग फासलात ना माझ्या नावावर?"

"मी आत्ता येतोय गिऱ्हाइकाकडून!"

खरंच होतं ते. तिने वळून पाहिलं. नवरा चिंधीने बोटं पुसत होता. चिंधी काळी.

"दादाशी रोज कोण भांडणार?" तो पुटपुटला. "घरात शांतता नको का? समजून घे ना जरा."

"मग तेव्हा हो कशाला म्हणालास?"

"तू गप्प बसावीस म्हणून."

तिने खिळ्यांची बादली उचलली आणि तयार मिश्रणाच्या पिंपात सगळी उपडी केली. लोखंड पडलं की त्या पाण्याची धार जाते. तपकिरी रंग हळूहळू हिरवट व्हायला लागला.

"अगं, ऑर्डरी पडल्यात!" थोरले किंचाळले. "आता पितळ कोण खाणार?"

"तुम्ही दोघं खा."

ती बाहेर पडली. रस्त्याच्या वळणावर तिचे पाय अडले. जायचं होतं ते त्याच घरी, आणि दोघे भाऊ संध्याकाळी जेवायला तिथेच येणार होते.