बारा चाळीसचं पाणी

"मॅडम, मशीन बरोबर आहे. तुमचं पाणीच चुकतंय," प्रविण म्हणाला आणि कॅन्टीनच्या बशीतलं शेवटचं भजं त्यानं तोंडात टाकलं.

मैनानं कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला. रविवार, वीस सप्टेंबर, अमावस्या. भरती दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी. कागदावरचं गाव तिचं, आकडे तिच्याच प्रोग्रामनं काढलेले, आणि तरी घरात परक्या बाईनं चूल पेटवून बसावं तसा तो कागद तिला वाटत होता.

"अवसेला आमच्याकडं दोनला पाणी भरत नाही," ती म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"पाणी म्हणतं."

प्रविण हसला. माणूस वाईट नव्हता. पस्तिशीचा, ठाण्याचा, डोक्यावर केस कमी आणि खिशात पेनं जास्त. रोह्याजवळच्या धाटावच्या या रसायनांच्या कंपनीत तो सोमवारपासून मुक्कामाला होता. पावसाळ्यात कंपनीचं जुनं युनिक्सचं यंत्र बंद पडलं, गुरुवारी ते टेम्पोत चढवून नेलं, आणि त्याच्या जागी विंडोजची तीन पांढरीशुभ्र यंत्रं आली. पण दहा वर्षांचे प्रोग्राम सगळे युनिक्सचे. ते नव्यानं लिहायला कुणाला वेळ नव्हता. मग प्रविणनं एक सीडी आणली. अमेरिकेतल्या कुणा लोकांनी फुकट वाटलेली. ती घातली की विंडोजच्या पोटात एक काळी खिडकी उघडायची, आणि त्या खिडकीपुरतं ते यंत्र स्वतःला युनिक्स समजायचं.

मैनाला ही कल्पना फार आवडली होती. एका यंत्राला झोपेत दुसऱ्या यंत्राचं स्वप्न पडावं, आणि आपण त्या स्वप्नाला कामं सांगावीत.

पण स्वप्नात वस्तू असतात तिथं नसतात. आधी दोन दिवस तिचा एकही प्रोग्राम चालेना. फाइल समोर दिसायची आणि यंत्र म्हणायचं, सापडत नाही. शेवटी प्रविणनंच शोधलं, की फ्लॉपीवरून आणताना प्रत्येक ओळीच्या शेपटाला न दिसणारं एक अक्षर चिकटलं होतं. ते त्यानं झाडून काढलं. मग सगळ्या वेळा साडेपाच तास मागं दिसायला लागल्या, कारण यंत्राला आपण भारतात आहोत हे माहीतच नव्हतं. तेही त्यानं आज सकाळी एका ओळीत सांगून टाकलं. आणि आता ही भरती.

"हे बघा," प्रविण हात पुसत म्हणाला, "घड्याळ चुकलं असतं तर साडेपाच तासांनी चुकलं असतं. तुम्ही म्हणताय किती हवेत?"

"बारा चाळीस."

"म्हणजे दीड ताससुद्धा नाही. एक तास पंचवीस मिनिटं. जगात कुठल्याच देशाचं घड्याळ असं चुकत नाही. तुमच्या गणितातच कुठंतरी गडबड. बंदराच्या वेळेत तुम्ही ती चाळीस मिनिटं मिळवता, तो आकडा कुणाचा?"

"आमच्या बापाचा."

"मग झालं तर. त्यातनं पंच्याऐंशी वजा करा, कागद बरोबर येईल. मला चारची गाडी धरायचीय."

तो खाली सह्या घ्यायला गेला. खोलीत एसीची घरघर तेवढी राहिली. शनिवार दुपार. खिडकीबाहेर पाऊस ओसरल्यावरचं पिवळं ऊन, आणि लांब चिमणीचा धूर कुठं जायचं ते न सुचून उभा.

मैना या खोलीत आली ती टेलिफोनच्या बोर्डावरून. सत्त्याऐंशी साली कंप्युटर आला तेव्हा थंडीनं सांधे धरतात म्हणून इथं बसायला कुणी तयार नव्हतं. ती बसली. लग्न मोडून आलेल्या बाईला सांध्यांची काळजी करून परवडत नाही. जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि त्याहून जाड डिक्शनरी घेऊन ती शिकली, आणि काम संपल्यावर उरलेल्या वेळात तिनं स्वतःच्या हौसेनं एकच गोष्ट केली. पेणच्या खाडीकाठी तिच्या गावात पाणी कधी भरेल, ते सांगणारा प्रोग्राम.

तिचा बाप कान्हू चाळीस वर्षं गावच्या बांधावर उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, सांभाळायचा. पाणी चढायच्या आधी उघाडीच्या फळ्या पाडायच्या, उतरलं की उचलायच्या. एक उधाण चुकलं, खारं पाणी आत आलं, की भात करपलं आणि जमीन तीन वर्षं रुसली. कान्हूकडं घड्याळ नव्हतं. अवसेला, पुनवेला खाडीच्या तोंडाशी बंदरात बाराच्या सुमारास पाणी भरतं, पुढं दर तिथीला पाऊण तास वाढवायचा, हे त्याला बोटांवर यायचं. "आनि बंदराच्या मागून आपल्याकडं चार विड्या," तो सांगायचा. एका मे महिन्यात मैना त्याच्या शेजारी घड्याळ घेऊन बसली आणि त्याला विड्या ओढायला लावल्या. एकेक विडी आणि मधलं बोलणं मिळून दहा मिनिटं. चार विड्या म्हणजे चाळीस. तो आकडा तिनं प्रोग्रामात घातला.

तेव्हापासून दर पंधरवड्याला तिचा कागद गावच्या देवळाच्या खांबावर लागायचा. पोरं कागद बघून फळ्या पाडायची. कान्हूला कुणी विचारीनासं झालं. हे तिच्या फार उशिरा ध्यानात आलं, आणि आल्यावर काय करायचं ते कळलं नाही.

उद्या वर्षातलं मोठं उधाण. भात फुलोऱ्यात.

तिनं फाइल उघडली. चाळीस खोडलं. चाळीसातून पंच्याऐंशी वजा केले आणि उणे पंचेचाळीस लिहिलं. नवा कागद काढला. बारा चाळीस. अगदी हवं ते.

ती त्या उणे पंचेचाळीसकडं बघत राहिली. आकडा सांगत होता, की पाणी आधी खाडीच्या पोटात भरतं आणि मग पाऊण तासानं तोंडाशी, बंदरात. म्हणजे समुद्र शेतातून निघतो आणि बंदरात पोचतो. तिच्या डोळ्यांपुढं आलं ते तसंच, भाताच्या मुळांतून पाणी उगवतंय, उलटं चालत, कांदळवनातून, बोटींच्या खालून लांब लांब जातंय, आणि कान्हू बांधावर तोंड फिरवून बसलाय.

"नाय गो बाय," ती स्वतःशीच म्हणाली आणि चाळीस पुन्हा लिहून ठेवलं.

मग तिनं कपाटातून जुन्या कागदांची फाइल काढली. गेल्या वर्षीची भाद्रपदातली अवस. जुन्या यंत्राचा कागद, आणि पाणी तेव्हा कागदाबरहुकूम आलेलं सगळ्या गावानं पाहिलेलं. दुपारी बारा पस्तीस, मग रात्री एक. तिनं नव्या यंत्राला तोच दिवस विचारला. रात्री एक पस्तीस, दुपारी दोन.

दोन्ही कागद शेजारी ठेवून ती बसली. घाई न करता, बांधावर बसतात तशी. मिनिटं तीच होती. पस्तीसला पस्तीस, पूर्णाला पूर्ण. चुकली असती तर मिनिटंही विस्कटली असती. मग बारा पस्तीसची भरती कुठं गेली? ती रात्री एक पस्तीसला जाऊन बसली होती. आणि दुपारी दोनला दिसत होती ती त्या दिवसाची भरतीच नव्हे, ती पुढची, रात्री एकची. प्रार्थनेच्या रांगेत एक पोर पुढं सरकलं की सगळीच एकेक जागा सरकतात, आणि लांबून रांग तशीच दिसते.

दुपारच्या बारा पस्तीसवरून मागं, आदल्या रात्रीच्या एक पस्तीसवर. अकरा तास. अकरा म्हणजे साडेपाच दोनदा.

प्रविण सह्या घेऊन आला तेव्हा ती चहा पीत होती.

"तुम्ही सकाळी साडेपाचच्या मागं काय लिहिलंत?"

"प्लस. आपण ग्रीनिचच्या पुढं आहोत ना."

"पुस्तकात बघा की. यंत्र विचारतंय, ग्रीनिचला पोचायला किती मिळवू. मिळवायचं नाही, वजा करायचंय. तुम्ही आपल्याला अमेरिकेच्या बाजूला नेऊन टाकलंत."

प्रविण खाली बसला. काळ्या खिडकीत त्यानं वेळ विचारली. बाहेर साडेतीन वाजले होते, आणि खिडकीतले साडेचार होते. पहाटेचे.

"आयला," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण मग फरक दीड तासाचा कसा?"

"पाणी दिवसातनं दोनदा येतं. साडेबारा तासांनी. अकरा तास चुकलं, की शेजारच्या भरतीपाशी जाऊन उभं राहतं. बघणाऱ्याला वाटतं थोडंसंच चुकलं."

"सोमवारी हजेरीत पहिल्या पाळीची सगळी माणसं आदल्या रात्री कामावर आलेली दिसली असती."

"ओव्हरटाइम मिळाला असता त्यांना," मैना म्हणाली.

त्यानं प्लसचं मायनस केलं. कागद खरखरत बाहेर आला. भरती दुपारी बारा चाळीस, आणि आत चाळीस तसेच शाबूत. प्रविणची चारची गाडी चुकली. मैनानं त्याला कॅन्टीनमध्ये आणखी एक बशी भजी घेऊन दिली आणि ती साडेचारच्या पेण गाडीत बसली.

रविवारी पोरांनी देवळाच्या खांबावरचा कागद वाचला आणि दहाच्या आधी फळ्या पाडल्या. भावजय सरू पितरांच्या पानाची घाई करत होती. "आबा कवाचं बांधावर जाऊन बसल्यात," ती म्हणाली. "हाक मार गो त्यांना. कावले खोलंबून ऱ्हायलेत."

मैना बांधावर गेली. पाणी फळ्यांना लागून वर आलं होतं, मातकट, जड, न बोलता. आत एका हातावर भात उभं होतं, कोरडं. चारपाच पोरं मनगटावरच्या घड्याळात बघत होती.

"बारा चाळीस झालं," सरूचा जितेश म्हणाला. "भरलं. चला." जाता जाता त्यानं मैनाला म्हटलं, "आत्या, तुझा कागद म्हंजे कागद हाय."

पोरं गेली. कान्हू हलला नाही. बांधाच्या उतारावर पाय सोडून बसला होता, पाणी घोट्याला टेकत होतं. मैना शेजारी बसली.

"आबा, जेवाया चला."

"दखनेचा वारा हाय," कान्हू म्हणाला. "आजून येतंय."

तिनं पाण्याकडं पाहिलं. येत असलं तरी तिला दिसत नव्हतं. मग दिसलं. कान्हूच्या घोट्याचं हाड होतं, ते हळूच नाहीसं झालं. वाऱ्याचं तिनं गणितात काहीच धरलं नव्हतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनं विचारलं नव्हतं.

"किती येल, आबा?"

कान्हूनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. पुष्कळ दिवसांनी कुणी विचारलं होतं. उत्तर द्यायची त्याला घाई नव्हती.

"बग," तो म्हणाला.

भाताची एक वाळकी काडी पाण्यावरून आत, गावाकडं चालली होती. दोघं तिच्याकडं बघत बसली. काडी मंद झाली. आणखी मंद. मग एका जागी थांबली, नुसती, सगळ्या खाडीसकट. बराच वेळ तशीच होती. मैनानं घड्याळात पाहिलं नाही.

मग काडीचं टोक, लागेल न लागेल असं, समुद्राकडं वळलं. कान्हूनं पाण्यातून पाय काढले, धोतराच्या सोग्यानं एकेक बोट कोरडं केलं, आणि उठला.