धूळ उडाली की बुवा गातात

बंदरावरच्या कोळशाच्या ढिगांसमोरच बुवांचं घर. बुवा गातगात गोष्टी सांगत. देवानं गळा असा दिला होता की ऐकताना दगडानंही मान डोलवावी. पण त्या गळ्यात वर्षानुवर्षं कोळसा बसत गेला, आणि आता दर दोन ओळींनंतर खोकलाच ताल धरायचा. लांब डोंगराकडे राहणाऱ्या लेकीनं निर्वाणीचा निरोप धाडला: महिन्याभरानं येते, खिडकीवर बोट फिरवते, काळं झालं तर बाबांना घेऊन जाते. बुवांना वेगळीच चिंता. डोंगरात त्यांचं ऐकणार कोण, झाडं?

सूनबाई बंदरावरच इंजिनिअर. तिनं पदर खोचला. ढिगांभोवती खांब रोवले आणि त्यांवर धूळ मोजणारे सेन्सर बसवले. धूळ वाढली की पाण्याचे फवारे आपोआप सुरू व्हायचे आणि कर्ण्यातून सूचना यायची: गाड्या थांबवा, ताडपत्री ओढा. पण सूचनेचा आवाज यंत्राचा, अळणी. डंपरवाले थांबायचे सोडून त्यालाच उलट उत्तरं द्यायचे.

मग तिनं सासऱ्यांचा आवाज भरून घ्यायचं ठरवलं. बुवा एका ओळीच्या सूचनेसाठी बसले ते अख्खी गोष्ट सांगूनच उठले. सूनबाईनं कपाळाला हात लावला, तेव्हा म्हणाले, "अगं, नुसतं थांबा म्हणून कोण थांबतं? आधी मन थांबावं लागतं, मग गाडी."

आणि खरंच थांबल्या की गाड्या! धूळ उडाली, कर्णा गाऊ लागला, डंपरवाले स्टिअरिंगवर हनुवटी टेकून ऐकत राहिले. फवाऱ्यांनी धूळ बसली. धूळ बसली म्हणून सेन्सरनं इमानेइतबारे कर्णा बंद केला. नेमका तेव्हा राजपुत्र नदीत होता आणि मगरीनं जबडा उघडला होता.

दुसऱ्या दिवसापासून धूळ दुप्पट.

सूनबाईनं सेन्सर पुसले, फवारे उघडून पाहिले, वाऱ्याला बोल लावले. शेवटी ती क्रेनच्या केबिनमध्ये चढली. तिथं लंबू म्हणून ओळखला जाणारा क्रेनवाला कोळशाचा घास पार आभाळाला नेऊन खाली सोडत होता. खाली डंपर मोकळेच गोल गोल फिरत होते.

"लंबूदादा, हे काय चाललंय?"

लंबूनं मान खाली घातली. "वहिनी, मगरीचं काय झालं ते कळल्याशिवाय घास उतरत नाही हो."

रागवायला उघडलेल्या तोंडातून हसूच बाहेर पडलं. घरी येऊन तिनं बुवांना सांगितलं, तर ते खोकताखोकता फुलून गेले. आपल्यासाठी आभाळात कोळसा उधळतात म्हणजे श्रोते किती आतुर! सूनबाईनं मात्र नियमच उलटा केला. हवा स्वच्छ असेल तर कर्णा गाईल, धूळ उडाली की मुका.

त्यानंतर बंदराची चाल बदलली. डंपरवाले मागे तान्हं बाळ निजलं असावं तशी गाडी हाकू लागले. लंबू कोळसा ठेवी तो काठोकाठ भरलेली बशी ठेवावी तसा. कुणी जोरात शिंकलं तर दहाजण डोळे वटारत. उशीर होतोय म्हणून भांडायला जहाजाचा कप्तान खाली उतरला आणि गोष्ट पहिल्यापासून लावा म्हणाला.

ठरल्याप्रमाणे लेक आली. चप्पलसुद्धा न काढता तिनं खिडकीवर बोट फिरवलं. स्वच्छ. चौकटीच्या मागे, गजांच्या खाली, कपाटावर फिरवलं. स्वच्छ. ती चांगलीच खट्टू झाली. एवढ्यात बाहेरच्या कर्ण्यातून वडिलांचा आवाज आला आणि ती तिथंच टेकली. लहानपणी ही गोष्ट ऐकताना तिला दरवेळी झोप लागायची, शेवट काही ठाऊक नव्हता.

संध्याकाळी बुवांनी भीतभीत विचारलं, "मग, निघायचं का गं?"

"नाही बाबा. तुम्ही इथंच राहा."

सूनबाईनं मनोमन देवाला हात जोडले.

"आणि मीही राहते," नणंद म्हणाली. "अजून किती भाग आहेत?"

"देवाच्या कृपेनं पुष्कळ," बुवा म्हणाले, आणि एकदाही न खोकता पुढचा भाग सुरू केला. सूनबाई माळ्यावरून जादा गादी काढायला उठली.