चार बोटं माया

आमचा शिंपी म्हणजे नजरेनं माप घेणारा माणूस. गिऱ्हाईक दारात उभं राहायचा अवकाश, छाती-कंबर तोंडपाठ! आणि याच शहाण्याला पोटच्या पोरीचं माप दोन वर्षं दिसलं नाही. आता बोला!

पोरगी सहा वर्षांची. घरात सगळे टिकली म्हणायचे. जन्मापासून हृदयात दोष. दोन महिन्यांची असताना डॉक्टरांनी आत छोटी नळी बसवली, आणि मोठी झाली की खरी दुरुस्ती करायची, असं तेव्हाच बजावलं होतं. शिंपी ते सोयीस्कर विसरला. हल्ली टिकली दहा पावलं धावली की मटकन उकिडवी बसायची. ओठ निळे पडायचे. शेवटी बायकोनं दोघांना हॉस्पिटलात नेलं, तर तिथं पुन्हा ऑपरेशन सांगितलं.

"एकदा शिवलेलं पुन्हा उसवायचं?" सर्जनबाईंसमोर तो तडकला. "पहिल्यांदाच नीट करायचं होतं! मी सही करणार नाही."

"तेव्हा हृदय अक्रोडाएवढं होतं हो," बाई म्हणाल्या. "नळी त्या मापाची. आता ती पुरत नाही, म्हणून हिची वाढ खुंटलीय."

"वाढ खुंटलीय? काहीतरीच!"

शेजारी बसलेली बायको पुढे सरकली. तिनं टिकलीच्या फ्रॉकची खालची दुमड उलटून त्याच्या नाकासमोर धरली. चौथ्या वाढदिवसाला त्यानंच शिवलेला फ्रॉक. आत चार बोटं माया, म्हणजे पोर वाढेल तसं उसवायला जादा कापड सोडलेलं, जसंच्या तसं.

"अजून अंगाला बसतो म्हणून मिरवता ना? माझी शिलाई बघा, माझी शिलाई बघा! अहो, दोन वर्षांत ही माया उसवावी लागली नाही. कशी लागेल? पोर वाढलीच नाही!"

शिंप्यानं ती माया बोटांनी मोजली: पूर्ण चार. भीती तर होतीच, पण त्यानं पेन मागितलं. सही अशी वाकडीतिकडी केली की त्याची त्यालाच ओळखू येईना.

ऑपरेशनला सहा तास लागले. सहाही तास तो बाकावर बसून खिशातली टेप बोटाला गुंडाळत होता, सोडत होता. पोर सुखरूप बाहेर आली.

पुढच्या वर्षभरात त्यानं त्या फ्रॉकची माया दोनदा उसवली. मग एक दिवस टिकली शाळेतून दुकानापर्यंत धावत आली, मध्ये कुठेही न बसता.

"बाबा, परत आखूड झाला!"

त्यानं दुमड उलटली. आत बोटभरही कापड उरलं नव्हतं.

"माया संपली!" तो असा ओरडला की गिऱ्हाइकं दचकली. डोळे पुसत, हसत त्यानं नव्या कापडाचा तागा खाली ओढला, आणि पोरीचं माप पहिल्यांदाच टेपनं घेतलं.