आमच्या सिस्टर वाईट आहेत

चांगल्या माणसाला चांगलं म्हणू नये, हे मला चाळिशीत येऊन कळलं. मनात म्हणावं, घरात म्हणावं, पण सरकारी माणसाच्या देखत चुकूनही म्हणू नये. म्हटलं की माणूस हातचा जातो.

आमची वस्ती चढावर आहे आणि चढ संपतो तिथे दोन खोल्यांचं आरोग्य केंद्र आहे. पुढच्या खोलीत वजनकाटा, बाक आणि औषधांचं कपाट. मागच्या खोलीत पडद्याआड एक कॉट, एक स्टूल आणि बेसिन. मोठं हॉस्पिटल खाली शहरात, दोन बस बदलून. माझं इस्त्रीचं दुकान केंद्राच्या बरोबर समोर, त्यामुळे तिथे कोण कण्हत गेलं आणि कोण हसत बाहेर आलं, हे मला विचारावं.

माझ्या आईला साखरेचा आजार. डाव्या पायाला जखम झाली ती भरायचं नाव घेईना. तेव्हा केंद्रात ज्या सिस्टर होत्या, त्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणायचे. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या आईचा पाय समोरच्या स्टुलावर घ्यायच्या, गप्पा मारता मारता जुनी पट्टी सोडवायच्या आणि आईला पत्ताही लागायचा नाही. वस्तीतल्या पोटुश्या बायका, तापानं फणफणलेली पोरं, म्हाताऱ्यांचं बीपी, सगळा गाडा त्या एकट्या ओढायच्या. आईची जखम त्यांनी जवळजवळ भरत आणली होती.

मग वरून तपासणीची माणसं आली. दारोदार फिरून विचारू लागली, सेवा कशी मिळते? आम्ही पडलो भोळे. तोंड भरून कौतुक केलं. मी तर तापलेली इस्त्री बाजूला ठेवून त्यांना खुर्ची दिली आणि सिस्टरांचे गोडवे गायले. परिणाम काय झाला? केंद्राला उत्कृष्ट कामाची ढाल मिळाली आणि मोठ्या सिस्टरांना बढती. मुख्य कार्यालयात, प्रशिक्षण विभागात! काम काय, तर आडबाजूच्या वस्त्यांपर्यंत आरोग्यसेवा कशी पोचवावी, यावर इतरांना शिकवायचं. आमच्यापर्यंत पोचलेली सेवा उचलून नेली आणि ती कशी पोचवावी हे सांगायला शहरात बसवली. ज्याच्या डोक्यातून हे निघालं, त्याचंच डोकं आधी तपासायला हवं होतं. ढाल कपाटावर ठेवली गेली आणि दाराला कुलूप लागलं.

पुढचे महिने मी आईला घेऊन खालच्या हॉस्पिटलात हेलपाटे घातले. दर वेळी रांग, दर वेळी नवा डॉक्टर, आणि दर वेळी पहिल्यापासून रामायण. दुकान बंद ठेवलं तर खायचं काय? शेवटी मी घरीच पट्टी बांधायला लागले, जमेल तशी. आईच्या अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं आणि कापावं लागलं. कापणारा डॉक्टर माझ्यावरच खेकसला, "इतके दिवस झोपला होतात का?" मी गप्प बसले. त्याचा राग मला अजून येतो, आणि मी गप्प बसले याचा त्याहून जास्त येतो.

मग एकदाच्या नव्या सिस्टर आल्या. बारीक अंगाच्या, बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतः फरशी घासली आणि दुसऱ्या दिवशी माझी पट्टी बघून मला फाडून खाल्लं. "ही जखम आहे की कपड्याचं गाठोडं? पुन्हा हात लावलात तर बघा!" पण हात कसा! मोठ्या सिस्टरांपेक्षाही हलका. थोड्याच दिवसांत जखमेला गुलाबी कड दिसायला लागली. "असंच चालू राहिलं तर पाय वाचेल," त्या म्हणाल्या. "खंड पडला तर मात्र मी शब्द देत नाही." तेवढ्या एका वाक्यावर मी जगत होते.

आणि बातमी आली की तपासणीची माणसं पुन्हा येणार. माझ्या दुकानात सगळे जमले. आमच्याकडे एक निवृत्त मास्तर आहेत. शाळा सुटली, पण शिकवणं काही सुटलं नाही. ते इस्त्रीच्या टेबलाला टेकून म्हणाले, "या खेपेला कुणी कौतुक करायचं नाही. निंदा करायची. वाईट कर्मचाऱ्याला कुणी बढती दिलेली ऐकली आहे?"

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

"पण मास्तर, सिस्टरांना आधी सांगू या ना," मी म्हटलं.

"छे! त्यांना नाटक जमायचं नाही. सगळं बिंग फुटेल."

मग काय विचारता, निंदेची नुसती चढाओढ लागली. वेळेवर येत नाहीत. वसकन अंगावर येतात. हे दुसरं खरंच होतं म्हणा. दूधवाल्या मावशींना तर इतका चेव चढला की सिस्टर हातसुद्धा उगारतात, असं त्यांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. मी म्हटलं, आईची पट्टी धड बांधत नाहीत. माझ्या मागेच आई पांढरीशुभ्र पट्टी बांधून बसली होती. माणसं गेल्यावर ती म्हणाली, "जीभ झडेल तुझी." मी हसले. संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी चहा घेतला, लढाई जिंकल्यासारखा.

आठवड्याभरात सिस्टर निलंबित झाल्या. चौकशी पुरी होईपर्यंत रुग्णाला हात लावायचा नाही, असा हुकूम. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर वळून दिला होता आम्ही. दाराला पुन्हा तेच कुलूप.

किल्ली लावून सिस्टर वळल्या तेव्हा मी रस्ता ओलांडून गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ऐकून निदान थोडं बरं वाटेल त्यांना. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"मला विचारलं का कुणी?" त्या म्हणाल्या. "याआधी बढती चालून आली होती ती मी नाकारली. मला पेशंटमध्येच राहायचंय. तुम्ही एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतं. साहेब लोक मला विचारत नाहीत, ते ठीक. पण तुम्हीही नाही विचारलंत. माझ्या सासरी कळलंय, मी पेशंटवर हात उचलते म्हणून."

त्यांनी किल्ली पिशवीत टाकली.

"शुक्रवारी चौकशी आहे," त्या म्हणाल्या. "खरं बोलायचं असेल तर या. नाहीतर येऊ नका."

शुक्रवारी मी ओळखीच्या टेम्पोत आईला बसवून घेऊन गेले. मास्तरही आले, माझ्याकडूनच शर्टाला इस्त्री करून घेऊन. चौकशी करणाऱ्या साहेबांची मुख्य कार्यालयातली खोली गार, टेबलावर भली मोठी काच. भिंतीवर नकाशा आणि त्यात टाचण्या: बंद केंद्रांना लाल, चालू केंद्रांना हिरव्या. आमच्या चढावर हिरवी टाचणी होती. दारावरच्या पाटीवर साहेबांच्या नावाआधी डॉक्टर लिहिलेलं होतं, हे मी जाताना वाचून घेतलं. सिस्टर कोपऱ्यात उभ्या. केंद्राची औषधपेटी जमा करायला सांगितली होती, ती त्यांच्या पायाशी.

मास्तर भाषणाला सुरुवात करणार तोच मी त्यांना थांबवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तुम्ही कार्यालयाची दिशाभूल केली," साहेब म्हणाले.

"केली. का केली ते विचारा."

त्यांनी ते विचारलं नाही. चष्मा पुसला आणि चक्क हसले. "या इतक्या चांगल्या असतील तर निलंबन मागे घेऊ. उलट अशी माणसं आम्हाला इथे हवीच आहेत. प्रशिक्षण विभागात."

"मला नको आहे," सिस्टर म्हणाल्या. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आणि आमच्या केंद्रात कोण?" मी विचारलं.

"भरती होईल तेव्हा होईल. समजून घ्या. मनुष्यबळाची अडचण सगळीकडेच आहे."

समजून घ्या! माझ्या आईनं बोट दिलं, आता आणखी काय समजून घ्यायचं? माझं डोकं असं फिरलं की पुढचं मी ठरवून केलेलं नाही. मी आईची खुर्ची टेबलाला भिडवली, तिचा डावा पाय उचलला आणि त्या काचेवर ठेवला. पट्टी सोडली. मंगळवार चुकला होता, त्यामुळे खोलीभर वास पसरला. मास्तरांनी रुमाल काढला.

साहेब खुर्चीसकट मागे सरकले. "अहो, हे काय चाललंय?"

"आज ड्रेसिंगचा वार आहे. केंद्राला कुलूप आहे. तुम्ही डॉक्टर आहात. करा."

"सिस्टर, जरा बघून घ्या ना."

सिस्टरांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "मला रुग्णाला हात लावायची मनाई आहे, साहेब. हुकमावर सही तुमची आहे."

साहेबांनी घंटी वाजवली. शिपाई आला, पायाकडे बघून दारातच थांबला. ड्रेसिंगचं सामान आण म्हटल्यावर म्हणाला, "इथं कुठलं, साहेब? हे ऑफिस आहे." तेव्हा सिस्टरांनी पायानंच औषधपेटी पुढे सरकवली.

साहेबांनी पेटीकडे पाहिलं. मग साहेब उठले, त्यांनी बाह्या दुमडल्या आणि हातमोजे चढवले. ते वाकून जखम धुवायला लागले. हात अवघडलेला होता, आई दोनदा कळवळली, मी तिचे खांदे धरून उभी होते आणि रागानं की कशानं कोण जाणे, माझ्या डोळ्यांना धार लागली होती. बोट नव्हतं त्या जागेशी ते थांबले.

"हे कधी गेलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्ही ढाल दिलीत, त्यानंतर," मी म्हटलं.

त्यांनी पट्टी गुंडाळली, जरा घट्टच, आणि टोक चिकटवलं. कपाळावर घाम आला होता. आईनं पाय खाली घेतला, पदर सारखा केला आणि त्यांच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं.

"बरं केलंत, डॉक्टर," ती म्हणाली. "आता मंगळवारी किती वाजता येऊ? टेम्पोवाल्याला आजच सांगून ठेवावं लागतं."